उर्मिलाताईंनी हाकलून लावलेल्या दीर्घिका

उर्मिलाताई सबनीसांना आजवर कोणी फसवलं नव्हतं. निदान त्यांचा स्वतःचा तसा ठाम समज होता, आणि तो त्या चारचौघांत लपवून ठेवत नसत. सिंगापूरच्या टेक्का मार्केटात मोगऱ्याचा गजरा घ्यायचा झाला तरी त्यातली एक कळी नखानं उघडून पाहायच्या. बाहेरून पांढरीशुभ्र आणि आतून पिवळी निघाली, तर गजरा परत. 'तुमचं पार्सल अडकलं आहे, इथे क्लिक करा' असा मेसेज आला की बाकीचे लोक तो पुसून टाकतात. उर्मिलाताई तो आधी चष्मा लावून वाचायच्या, त्यातल्या चुका काढायच्या आणि मग 'नाही जमलं हो तुम्हाला' अशा समाधानानं पुसायच्या. त्यांच्या क्लेमेंटीच्या ब्लॉकमध्ये, लिफ्टच्या आत, भामट्यांपासून सावध राहा म्हणून पोलिसांनी पोस्टर लावलं होतं. ते पाहून शामकांतराव म्हणाले होते, "यावर खरं तर तुझा फोटो हवा होता."

शामकांतराव म्हणजे त्यांचे यजमान. पूर्वी बोटीवर चीफ इंजिनीअर होते, आता हार्बरफ्रंटला एका शिपिंग कंपनीच्या ऑफिसात असतात. कुठल्या बंदरात कुठलं इंजिन रुसलं की बॅग भरून निघायचं, हे त्यांचं काम. लग्न ठरताना 'मुलगा देखणा आहे, पगार डॉलरमध्ये आहे आणि वर काही देणंघेणं नको म्हणतो' असं कानावर आल्याबरोबर उर्मिलाताईंनी "यात काहीतरी गोम आहे" म्हणून आपल्या मामाला चौकशीला पिटाळलं होतं. मामा मुंबई, रत्नागिरी करून आले. गोम निघाली नाही. त्याला पंचवीस वर्षं होत आली, पण तपास बंद झाला आहे असं शामकांतरावांना अजूनही वाटत नाही.

हा स्वभाव काही आभाळातून पडला नव्हता. लग्नाआधी उर्मिलाताई सांगलीच्या एका सहकारी बँकेत सह्या पडताळायच्या टेबलावर होत्या. चेकवरची सही एका हाताला, नमुन्याच्या कार्डावरची दुसऱ्या हाताला, आणि दिवसभर नजर इकडून तिकडे. तिथल्या जुन्या हेडक्लार्कनी त्यांना पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं, "पोरी, खरी सही रोज थोडी बिघडते. माणूस घाईत असतो, पेन अडतं, शेजारी कोणी बोलतं. सुबक, हुबेहूब, कार्डालाही लाजवील अशी सही आली ना, की समजायचं कोणीतरी सावकाश बसून गिरवलीय." उर्मिलाताईंनी तीनेक वर्षांत अशा बऱ्याच सुबक सह्या पकडल्या. मग लग्न झालं, बँक सुटली, सिंगापूरला आल्या, इशिता झाली, ती शाळेतून पॉलिटेक्निकपर्यंत पोचली. बँकेतलं सगळं मागे राहिलं, पण जास्त देखणं ते खोटं, हा नियम तेवढा त्यांच्यासोबत आला आणि गजऱ्यापासून जावयाच्या कल्पनेपर्यंत सगळीकडे कामाला लागला.

अशा घरात भाड्यानं राहायला आली मधुरा देशमाने. पुण्याची मुलगी, तिशीची, इथल्या विद्यापीठात पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन करणारी. सबनीसांच्या फ्लॅटमधली एक खोली रिकामीच होती. मधुराचे कागद, पास, ओळखपत्र, पुण्यातल्या काकांचा फोन नंबर हे सगळं तपासून झाल्यावर उर्मिलाताईंनी तिला खोली दिली आणि पहिल्या रविवारी थालीपीठ.

"तू नेमकं करतेस काय गं?" तव्याशी उभ्या राहून त्यांनी विचारलं.

"खगोलशास्त्रात आहे काकू."

"ते कळलं. पण सकाळी जाऊन संध्याकाळपर्यंत करतेस काय?"

मधुरानं घास तोंडात टाकत सरळ सांगितलं, "खोट्या दीर्घिका बनवते आणि खऱ्या फोटोंत मिसळून देते."

उर्मिलाताईंचा उलथन्याचा हात जागच्या जागी थांबला. फसवणारं माणूस आपल्याच स्वयंपाकघरात, लोण्याचा गोळा संपवत, आपण होऊन कबुली देतंय, हा प्रसंग त्यांच्या आयुष्यात पहिलाच. खालचं थालीपीठ करपलं तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

"का म्हणून?" त्या म्हणाल्या.

मग मधुरानं सांगितलं. चिलीतल्या एका डोंगरावरची दुर्बीण रोज आकाशाचे फोटो काढते. त्यात कोट्यवधी दीर्घिका असतात, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखीच ताऱ्यांची गावं, पण इतकी लांब की फोटोत नुसता पुसट ठिपका. त्यातल्या एखाद्या वजनदार दीर्घिकेच्या बरोब्बर मागे दुसरी दीर्घिका असली, तर पुढचीच्या वजनानं मागचीचा प्रकाश वाकतो, आणि मागची आपल्याला ठिपका न दिसता कमान दिसते. जाड बुडाच्या काचेच्या पेल्यातून निरांजन पाहिलं की ज्योत ताणलेली दिसते, तसं. अशा जोड्या फार थोड्या, आणि मधुराच्या गटाला त्याच शोधून मोजायच्या होत्या.

"मोजा की. त्यात खोटेपणा कशाला?"

"समजा, तुम्ही तांदूळ निवडले आणि दहा खडे काढले. मुळात खडे किती होते, सांगता येईल?"

"कसं येईल? दिसले ते काढले."

"आणि तुम्हाला न सांगता मीच आधी त्यात माझे वीस खडे टाकले असते, आणि तुमच्या हाती त्यातले पंधरा लागले असते, तर?"

उर्मिलाताईंनी गॅस बारीक केला. त्यांना हिशेब चटकन आला, आणि आला याचा आनंदही झाला. "तर माझ्या हातून चारातला एक खडा सुटतो."

"म्हणजे तांदळातले मूळचे खडेही तेवढेच सुटले असणार. झालं. मी तेवढंच करते. खडे टाकते. आम्ही त्याला पेरणं म्हणतो."

फसवाफसवीचा असा सरळ उपयोग असतो हे उर्मिलाताईंना नवीन होतं. त्या दिवसभर त्यांना राहून राहून प्रश्न पडत राहिले. खोटी दीर्घिका रंगवतात कशी? खऱ्या फोटोतली धूळ, दाणेदारपणा तिच्यावर आणतात का? आणि निवडतं कोण? संध्याकाळी मधुरा घरात आल्याबरोबर त्यांनी तिला चपला काढायच्या आधी गाठलं.

"आधी कॉम्प्युटर चाळण लावतो," मधुरा म्हणाली. "मग उरलेली काही हजार चित्रं माणसांनी डोळ्यांनी बघायची. सध्या आमच्याकडे डोळेच कमी पडतायत."

"माझे आहेत की," उर्मिलाताई म्हणाल्या.

त्यांना वाटलं होतं ही हसेल. मधुरानं दोन दिवसांत प्रोफेसरांची परवानगी आणली.

सुरुवातीचा टप्पा सरावाचा होता. लॅपटॉपवर एकेक चित्र यायचं, काळ्या चौकोनात पिवळसर गोळा, आजूबाजूला निळं काही. खाली तीन बटणं: 'नाही', 'कदाचित', 'नक्की'. पेरलेली दीर्घिका बरोबर पकडली की चौकोनाभोवती हिरवी चौकट उमटायची आणि खाली शाबासकी, की ही आम्हीच पेरली होती. उर्मिलाताईंना ही हिरवी चौकट फारच आवडली. सकाळची पोळी-भाजी उरकली की त्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसायच्या, आणि इशिता कॉलेजातून आली तरी तिथेच.

"आई, गेम खेळतेस?"

"गेम काय? काम करतेय."

"सेम लाह," इशिता सिंगापुरी लकबीत म्हणाली. "पॉइंट्स मिळतात ना."

गुण खरोखरच चांगले मिळत होते. बघणाऱ्या सहा जणांत बाकी सगळे विद्यापीठातले विद्यार्थी, आणि उर्मिलाताई त्यांच्या पुढे. मात्र त्यांच्या मनात एक दुसराच खेळ सुरू झाला होता. चित्र आलं की बटण दाबायच्या आधी त्या स्वतःशी ठरवायच्या, ही पेरलेली का खरी? आणि हिरवी चौकट उमटली की म्हणायच्या, "बघ, म्हटलं नव्हतं!" त्यांना वाटायला लागलं की मधुराचा हात आपल्याला कळतो. कमान जरा जास्तच गोलाईदार, निळा रंग जरा जास्तच निळा, सगळं कसं बेतून मांडलेलं. सांगलीच्या टेबलावरची ती जुनी नजर इतक्या वर्षांनी परत आली होती आणि त्यांना पंचवीस वर्षांनी लहान झाल्यासारखं वाटत होतं. खरंच वाटत होतं, उगाच कशाला नाकारा.

मग खरा टप्पा आला. यात हिरवी चौकट नव्हती. पेरलेल्या यातही होत्या, पण कोणत्या ते कोणालाच कळणार नव्हतं. मधुरालाही नाही, कारण कुठे काय पेरायचं ते प्रोग्रॅमनंच परस्पर ठरवलं होतं आणि सगळं बघून होईपर्यंत तो ते उघड करणार नव्हता. प्रत्येक चित्र तिघांपुढे जायचं, आणि दोघांनी तरी होकार दिला तरच ते यादीत राहायचं. ती यादी महिनाअखेर एका मोठ्या दुर्बिणीकडे जाणार होती. यादीतून जे सुटेल, त्याच्याकडे परत कोण कधी बघेल याचा काही नेम नव्हता. सूचनाही एकाच ओळीची: जे दिसेल ते सांगा.

उर्मिलाताईंनी ती ओळ वाचली आणि आपल्या स्वभावाप्रमाणे समजून घेतली.

एके दिवशी दुपारी त्यांच्यापुढे असं एक चित्र आलं की त्यांनी इशिताला हाक मारली. मधे सोनेरी गोळा, आणि त्याच्याभोवती अखंड निळं कंकण, कुठे तुटलेलं नाही, कुठे फुगलेलं नाही, सोनारानं घडवून द्यावं तसं.

"सो प्रिटी!" इशिता म्हणाली. "रियल आहे?"

"इतकं देखणं कधी खरं असतं होय!" उर्मिलाताई म्हणाल्या, आणि त्यांनी मोठ्या समाधानानं 'नाही' दाबलं. पार्सलवाला मेसेज पुसताना व्हायचं तेच समाधान.

आठवडाभरानं मधुरा काळजीत दिसायला लागली. जेवताना बोलेना, चहा निवला तरी घेईना. चौथ्या दिवशी उर्मिलाताईंनी विचारलं तेव्हा म्हणाली, "प्रोग्रॅममध्ये काहीतरी घोळ आहे काकू, आणि सापडत नाहीये." रविवारी सकाळी मात्र ती लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरातच आली. शामकांतराव पेपर वाचत होते, उर्मिलाताई मेथी निवडत होत्या.

"कोणती चित्रं पेरलेली ते मला दिसत नाही," मधुरा म्हणाली, "पण प्रत्येकानं पेरलेल्यांपैकी किती पकडल्या, एवढा आलेख मिळतो. हा बाकीच्यांचा. डावीकडे पुसट दीर्घिका, उजवीकडे ठळक. पुसट कमी सापडतात, ठळक जास्त. रेघ चढत जाते. बरोबर?"

"बरोबर."

"हा तुमचा. पुसट तुम्ही सगळ्यांपेक्षा जास्त पकडता. रेघ चढते, चढते, आणि मग उजवीकडे एकदम खाली पडते. ज्या शेंबड्या पोरालाही दिसतील, त्या तुम्हाला दिसत नाहीत! असं कसं होईल? मी चार दिवस चूक शोधतेय."

उर्मिलाताईंनी मेथीची जुडी खाली ठेवली. त्यांना हसूच आलं. "अगं, दिसतात की! दिसतात म्हणूनच 'नाही' म्हणते. त्या तुमच्या पेरलेल्या. ओळखल्या मी. मला काय बनवता तुम्ही!"

शामकांतरावांनी पेपर खाली केला. मग मधुरा हसायला लागली, आणि हसता हसताच तिचा चेहरा उतरला.

"काकू, तांदळातले खडे काढायचे होते. खडा माझा का मूळचा, हे कुठं विचारलं होतं?"

"पण ओळखल्या की नाही बरोबर?" उर्मिलाताईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "तुझाच आलेख सांगतोय. ठळक होत्या त्या सगळ्या मी हेरल्या."

"ज्या पेरलेल्या होत्या, त्या हेरल्यात. पण मी पेरलेली दीर्घिका बनवते कशी? खरी जशी दिसेल तश्शी. तसं केलं नाही तर तिचा उपयोगच नाही. मग खरी देखणी दीर्घिका समोर आली तेव्हा तुम्ही काय केलंत?"

उर्मिलाताई मेथीचं एक पान बोटांत फिरवत राहिल्या. बँकेत सुबक सही आली की ती खोटी, हे खरं होतं, कारण माणसाचा हात बिघडतो. आकाशाचा हात बिघडतो का, हे त्यांनी कधी कोणाला विचारलंच नव्हतं. आणि त्यांना ओळखू आला होता तो मधुराचा हात नव्हताच. त्यांना फक्त देखणेपणा ओळखू आला होता, आणि तो दिसेल तिथे त्यांनी त्याला चोर ठरवून दाराबाहेर काढलं होतं.

"ते कंकण," त्या एकदम म्हणाल्या. "एक होतं. सोनेरी, भोवती निळं. ते तुझं होतं की खरं?"

"मला माहीत नाही."

"खरं सांग."

"खरंच माहीत नाही काकू. यादी उघडल्यावरच कळेल."

उर्मिलाताईंना वाटलं ही लपवतेय. मग त्यांच्या लक्षात आलं की असं वाटायला आपल्याकडे काडीचाही पुरावा नाही, आणि त्या ओशाळल्या.

शामकांतराव चहाचा कप धुवायला उठले आणि जाता जाता म्हणाले, "अतिशहाणा त्याचा बैल रिकामा." एरवी उर्मिलाताईंनी त्यांना तिथल्या तिथे परतवलं असतं. त्या दिवशी त्या पुढ्यातली मेथीच चिवडत बसल्या, तेव्हा शामकांतरावांनाच चुकल्यासारखं झालं आणि त्यांनी मेथी निवडून दिली.

मधुरापुढे दोनच रस्ते होते. उर्मिलाताईंची सगळी मतं काढून टाकायची, नाहीतर तीच सगळी चित्रं, क्रम बदलून, त्यांनी पहिल्यापासून पुन्हा बघायची. काही निवडक चित्रांवरचं मत बदलणं चालणार नव्हतं, कंकणावरचंही नाही. बदलायचं तर सगळं, नाहीतर काहीच नाही. आणि महिनाअखेर जवळ येत होती.

"काढून टाकलीस तर?" उर्मिलाताईंनी विचारलं.

"तर ती चित्रं दोघांच्याच भरवशावर राहतील. त्यातल्या एकानं जरी तुमच्यासारखाच विचार केला असेल, तर गेली."

"मी बघते परत," उर्मिलाताई म्हणाल्या. स्वतःच्या चुकीची लाज होतीच, पण त्याहून मोठी रुखरुख वेगळी होती. खरीखुरी एखादी कोट्यवधी वर्षं प्रवास करून सांगलीच्या बँकेच्या नियमापाशी येऊन अडकली असेल, तर ती आता कायमचीच जाणार होती, आणि ते फक्त त्यांच्याच हातात होतं.

बघते म्हणणं सोपं होतं. प्रत्यक्षात हात ऐकेना. देखणं काही आलं की बोट आपोआप 'नाही'कडे जायचं. आणि मुद्दाम उलटं करावं म्हटलं तर भलत्याच गोष्टीला 'नक्की' म्हणून बसायच्या, तीही लबाडीच. पहिल्या दिवशी त्यांनी वैतागून लॅपटॉप मिटला. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक युक्ती काढली. चित्र आलं की त्यात जे आहे ते मोठ्यानं बोलायचं, आणि बोलून होईपर्यंत हात मांडीवर ठेवायचा. "मधे पिवळा गोळा. उजव्या अंगाला निळी कमान. समोर छोटा ठिपका. कमानीचा आणि ठिपक्याचा रंग एकच." इतकं बोललं की बटण कोणतं ते आपसूक कळायचं. कोणी पेरली, का पेरली, मला बनवतायत का, या गोष्टी चित्रात दिसतच नव्हत्या, त्यामुळे त्या बोलताही येत नव्हत्या. इशिता कानात इअरफोन घालून बसायची. शामकांतराव ऑफिसातून आले की हॉलमध्ये बसून आकाशाची ही कॉमेंटरी ऐकायचे, आणि एकदा तर "आज कमानी कमी आल्या का गं?" असंही त्यांनी विचारलं.

आणि एका दुपारी ते कंकण परत आलं.

ते होतं तसंच होतं, देखणं, अखंड, गुळगुळीत. उर्मिलाताईंचं सगळं अंग सांगत होतं की ही गिरवलेली सही आहे. 'नक्की' दाबलं आणि उद्या ते मधुरानं रंगवलेलं निघालं, तर जन्मात पहिल्यांदा आपण चक्क फसलो असं होणार होतं, आणि तेही डोळे उघडे ठेवून. त्यांना भीती वाटली. वेडं ठरायची भीती, जी त्यांनी इतकी वर्षं हुशारी म्हणून मिरवली होती.

"मधे सोनेरी गोळा," त्या म्हणाल्या. "भोवती निळं कंकण. कुठेही तुटलेलं नाही."

त्यांनी 'नक्की' दाबलं. पुढचं चित्र आलं.

यादी उघडायच्या दिवशी मधुरानं त्यांना विद्यापीठात बोलावलं. खोलीत सहाही बघणारे, मधुरा आणि तिचे प्रोफेसर. उर्मिलाताईंनी निळी इरकल नेसली होती आणि बसायला मागची खुर्ची धरली होती. पडद्यावर एकेक चित्र यायला लागलं; खाली 'पेरलेली' किंवा 'पेरलेली नाही'. कंकण तिसरं की चौथं आलं. खाली स्वच्छ अक्षरांत लिहिलं होतं: पेरलेली.

म्हणजे पहिल्या वेळी त्यांनी बरोबर ओळखलं होतं, आणि दुसऱ्या वेळी त्या साफ फसल्या होत्या. मधुरानं मागे वळून घाबरत त्यांच्याकडे पाहिलं.

"फसले!" उर्मिलाताई सगळ्यांदेखत म्हणाल्या आणि इतक्या मोकळ्या हसल्या की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. "छान बनवलंस गं! अगदी खरं!" शेजारच्या चिनी विद्यार्थ्याला मराठीतलं अक्षर कळलं नाही, तरी तोही हसला.

पुढे बरीच चित्रं गेली. मग मधुरानं एका चित्रावर थांबवलं. मधे पिवळट गोळा आणि त्याला चिकटून चार निळे ठिपके, वर, खाली, दोन्ही बाजूंना, रांगोळीत ठेवावेत तसे. मागच्या एकाच दीर्घिकेची, वाकलेल्या प्रकाशानं दिसणारी चार रूपं, ती प्रोफेसरांना सांगत होती. खाली लिहिलं होतं: पेरलेली नाही.

"आधीच्या फेरीत हिला तिघांपैकी दोघांनी 'नाही' म्हटलं होतं," मधुरा इंग्रजीत म्हणाली. "एका विद्यार्थ्यानं शेरासुद्धा लिहिलाय, फारच नीटनेटकी आहे, बनवलेली वाटते. तेव्हाच ही यादीतून गेली होती. दुसऱ्या फेरीत एक मत बदललं, म्हणून परत आली." मग ती मराठीत, फक्त उर्मिलाताईंकडे बघून म्हणाली, "ते मत तुमचं, काकू. पहिलंही आणि दुसरंही."

खोलीत टाळ्या झाल्या. प्रोफेसर उठून हात मिळवायला आले. उर्मिलाताईंनी हात दिला, पण त्यांची नजर पडद्यावरच होती. त्या आठवायचा प्रयत्न करत होत्या. कंकण महिनाभर डोळ्यांपुढून हललं नव्हतं. त्याची तर झोपेतसुद्धा काळजी वाहिली होती. ही चार ठिपक्यांची कधी आली होती? सकाळी? कुकरची शिट्टी होत असताना? फोनवर बोलता बोलता? कितीही ताण दिला तरी काही आठवेना. दुसऱ्या वेळची आठवत होती. मोठ्यानं बोलल्या होत्या, चार ठिपके म्हणून. पण पहिल्या वेळची मुळीच नाही. बाहेर काढताना त्यांनी तिच्याकडे धड पाहिलंसुद्धा नव्हतं.

मधुरा जवळ आली. "काकू, काय झालं? आनंद नाही का झाला?"

"झाला गं," उर्मिलाताई म्हणाल्या. त्यांनी पदरानं चष्मा पुसला आणि परत लावला. "हिला मी एकदा हाकलून दिलं होतं, मधुरा. आणि मला ते आठवतही नाही."